सेत्सुकोच्या वाट्याचा भात

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा जपानी अ‍ॅनिमेशनपट पाहिलेल्या माणसांशी बोलताना एक गोष्ट माझ्या वारंवार लक्षात आली आहे. बोलण्याची सुरुवात बहुधा रडण्यापासून होते. कोणाला गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून तळाची शेवटची गोडी विरघळवून पिण्याचा प्रसंग आठवतो, कोणाला मेलेले काजवे मातीत पुरणारी चार वर्षांची सेत्सुको आठवते, आणि दुसऱ्यांदा हा चित्रपट पाहण्याचे धैर्य झाले नाही असे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. पण रडू ओसरले की संभाषण हमखास एका प्रश्नावर येऊन थांबते: चूक कोणाची, नात्यातल्या त्या काकूची की चौदा वर्षांच्या सेइताची? अलीकडे याचे उत्तर सेइताच्या विरोधात जाताना मी अधिक ऐकतो. त्याने काम करायला हवे होते, काकूची क्षमा मागायला हवी होती, नसत्या अभिमानापायी त्याने बहिणीचा जीव घालवला, असे समंजस आणि सुस्वभावी माणसे म्हणतात. एके काळी मीही असेच म्हणत होतो. आज मला ते उत्तर चुकीचे वाटते, आणि ते इतक्या सहजपणे आपल्या तोंडी यावे याची काळजी वाटते.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. १९४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकी बी-२९ विमाने कोबे शहरावर आग लावणारे बॉम्ब टाकतात, लाकडी घरांच्या वस्त्या जळून जातात आणि सेइता व सेत्सुको यांची आई भाजून दगावते. वडील नौदलात, दूर समुद्रावर. सेइता धाकट्या बहिणीला घेऊन दूरच्या नात्यातल्या एका विधवा काकूकडे जातो. सुरुवातीचे दिवस बरे जातात, मग वाडग्यातले अन्न पातळ होत जाते आणि बोलणी वाढत जातात. एके दिवशी भावंडे आपले सामान गाडीवर लादून तळ्याकाठच्या एका ओसाड निवाऱ्यात राहायला जातात. तिथे उपासमारीने आधी सेत्सुको जाते आणि काही आठवड्यांनी कोबेच्या सान्नोमिया स्थानकात सेइता. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनी हा शेवट लपवून ठेवलेला नाही. २१ सप्टेंबर १९४५ च्या रात्री आपण मेलो, हे सेइताचेच वाक्य चित्रपटाच्या आरंभी ऐकू येते. त्यामुळे पुढे काय होणार याची उत्कंठा उरत नाही आणि हे होत कसे गेले याकडेच प्रेक्षकाचे सगळे लक्ष लागते.

होत कसे गेले, याचे उत्तर बॉम्बपाशी संपत नाही. बॉम्बहल्ल्यातून ही दोन्ही मुले सुखरूप वाचलेली आहेत. त्यांच्याजवळ पैसेही आहेत, कारण आईने बँकेत सात हजार येन ठेवलेले होते आणि सेइता त्यांतले शेवटचे तीन हजार काढायला जातो तेव्हा जपानने शरणागती पत्करल्याचे त्याला तिथे कानावर येते. म्हणजे सेत्सुको मरते त्या वेळी युद्ध संपलेले आहे, भावाच्या खिशात नोटा आहेत आणि आसपास वस्ती आहे, शेते आहेत, दवाखाना आहे. शत्रूचे एकही विमान आकाशात नसताना ती मरते. हा चित्रपट केवळ युद्धाच्या क्रौर्याचा असता तर ताकाहातांना तिला पहिल्याच हल्ल्यात मारता आले असते आणि आपण तेवढेच रडलो असतो. त्यांनी तिला सुमारे अडीच महिने जगवले, आणि त्या काळात तिच्यासमोरून एकेक दार कसे बंद होत गेले ते सावकाश दाखवले.

त्यांतले पहिले दार जेवणाच्या वेळी बंद होते. मुलांच्या आईचे किमोनो विकून तांदूळ आणावेत असे काकू सुचवते. सेत्सुको आईच्या कपड्यांसाठी रडते, तरी तांदूळ येतो. काही दिवसांनी काकू आपल्या मुलीला आणि घरातल्या भाडेकरूला भाताचे गोळे बांधून देते आणि या दोघांच्या वाडग्यात पातळ पेज ओतते. तिचे म्हणणे असे की, देशासाठी काम करणाऱ्यांचे आणि दिवसभर घरात बसणाऱ्यांचे जेवण सारखे असू शकत नाही. तो तांदूळ आमचाच होता, असे सेत्सुको कुरकुरत म्हणते. चार वर्षांच्या मुलीचे ते वाक्य मालकीच्या अंगाने खरे आहे, पण मला त्यातली मालकी दुय्यम वाटते. तांदूळ तिच्या आईचा नसता, काकूने स्वतःच्या पदराला खार लावून आणलेला असता, तरी चार वर्षांच्या मुलीच्या वाट्याचा भात तिच्या कामावरून ठरवणे योग्य झाले असते का, हा खरा प्रश्न आहे.

काकूने हा हिशेब स्वतः शोधून काढलेला नव्हता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. जपानमध्ये प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३३० ग्रॅम तांदळाचे रेशन ठरलेले होते आणि जुलै १९४५ मध्ये त्यातही सुमारे दहा टक्के कपात झाली. तांदळाऐवजी पुष्कळदा रताळी आणि कडधान्ये वाट्याला येत. मार्च १९४५ च्या अखेरीपासून अमेरिकी विमाने जपानच्या बंदरांत आणि सामुद्रधुनींत सुरुंग पेरू लागली होती, आणि त्या मोहिमेचे नावच ‘ऑपरेशन स्टार्व्हेशन’, म्हणजे उपासमारीची मोहीम, असे होते. शत्रूने भूक हे हत्यार केले. इकडे स्वतःच्या सरकारने अन्नाला सेवेचा मोबदला केले, कारण प्रत्येक नागरिक युद्धयंत्राचा भाग आहे आणि त्याची किंमत त्या यंत्राला होणाऱ्या उपयोगावरून ठरते, हेच वर्षानुवर्षे शाळा, वर्तमानपत्रे आणि सभांमधून शिकवले जात होते. काकू चित्रपटात जे बोलते ते सरकारी भाषणातले वाक्य आहे. फरक इतकाच की ते सभागृहातून निघून स्वयंपाकघरात पोचले आहे आणि आता ते एका लहान मुलीच्या वाडग्यासमोर उच्चारले जात आहे. मला काकूचा राग येत नाही तो याच कारणाने. ती दुष्ट नाही. तिने हिशेबाची वही दुसऱ्याकडून घेतली आणि तीत या दोन मुलांसाठी रकाना नव्हता.

रकाना नसणे ही येथे केवळ उपमा नाही. १९४० पासून जपानमध्ये शेजारच्या काही घरांचा मिळून एक गट बांधण्याची ‘तोनारिगुमि’ नावाची व्यवस्था सर्वत्र लागू झाली होती आणि रेशन याच गटांमार्फत मिळत असे. भावंडे काकूचे घर सोडतात तेव्हा ती नुसते छप्पर सोडत नाहीत, यादीतूनच बाहेर पडतात. चित्रपटातला एक शेतकरी सेइताला हे स्पष्ट सांगतो: आता सगळे रेशनवर आहे, शेजारगटात नसलेल्या माणसाला जगता येणार नाही, तेव्हा माफी माग आणि परत जा. तो शेतकरी सभ्य आहे आणि त्याचा सल्लाही व्यवहारी आहे. पण तो देऊन तो आपल्या कामाला लागतो, आणि तळ्याकाठी दोन मुले एकटीच राहत आहेत ही गोष्ट ज्याला नक्की कळली आहे असा आणखी एक माणूस कथेतून निघून जातो. सेत्सुकोला तपासणारा डॉक्टर कुपोषण झाल्याचे सांगतो, तिला पौष्टिक अन्नाची गरज आहे असे बजावतो आणि पुढच्या रुग्णाला बोलावतो. चोरी करताना पकडलेल्या सेइताला पोलीस अधिकारी दयेने सोडून देतो आणि पाणी पिऊन जा म्हणतो. यांतला एकही माणूस वाईट नाही. प्रत्येकाने आपल्या कामापुरते वागून घेतले, आणि मुलाला जेवू घालणे हे कोणाच्याच कामात मोडत नव्हते.

आता सेइतावरच्या आरोपाकडे येतो. तो काम का करत नाही, या प्रश्नाचे उत्तर चित्रपटातच आहे, फक्त ते एका ओझरत्या संवादात असल्यामुळे निसटते. युद्धकाळात त्याच्या वयाच्या मुलांना शाळेतून काढून कारखान्यांत जुंपले जाई, त्यालाही जुंपलेले होते. तो कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला आणि शाळाही जळाली. १९४४ पासून शहरांतल्या शाळकरी मुलांना गावोगावी हलवण्याची सरकारी योजना सुरू झाली होती, पण ती प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांसाठी होती. सेत्सुको त्या योजनेत बसायला फार लहान, सेइता फार मोठा. शिवाय तो काम करत नाही हे म्हणणेही मला आता पटत नाही. पहिल्यांदा हा चित्रपट पाहिला तेव्हा मी विद्यार्थी होतो आणि काकूचा द्वेष करून मोकळा झालो. पुढे घर चालवू लागलो, महिनाअखेरचा ताळा मांडू लागलो, तेव्हा मला काकूची बाजू दिसू लागली आणि सेइता आळशी वाटू लागला. माझी मुलगी सेत्सुकोच्या वयाची असताना काही आठवडे मी एकट्याने तिला सांभाळले, आणि त्यानंतर तिसऱ्यांदा चित्रपट पाहिला, तेव्हा मला सेइता दिवसभर काय करतो ते प्रथमच दिसले. तो तिला आंघोळ घालतो, समुद्रावर नेतो, तिच्या अंगावरचे घामोळे बघतो, रात्री ती आईसाठी रडते तेव्हा तिला पाठीवर घेऊन घराबाहेर फिरवतो, आई गेली आहे हे तिच्यापासून लपवतो आणि ते लपवण्यासाठी स्वतःचे रडणे गिळतो. चौदा वर्षांचा मुलगा आईची जागा भरून काढत होता, आणि काकूच्या वहीत त्याची नोंद ‘बसून खाणे’ अशी झाली. माझ्याही वहीत तशीच झाली होती, हे मला लाज वाटून मान्य करावे लागते.

त्याच्या अभिमानाचे काय? तो अभिमान आहे, आणि तो घातकही आहे. पण तो त्याला कोणी दिला याचा विचार झाला पाहिजे. नौदल अधिकाऱ्याचा हा मुलगा आरमाराच्या संचलनाच्या आठवणीवर जगतो, काजव्यांच्या उजेडात त्याला विजेऱ्यांनी उजळलेली जहाजे दिसतात आणि वडील ‘माया’ या क्रूझरवर, म्हणजे युद्धनौकेवर, असल्याचे तो बहिणीला फुशारकीने सांगतो. ही क्रूझर खरोखर होती. ती कोबेतच बांधली गेली आणि शहरामागच्या, गौतम बुद्धांच्या आईचे नाव मिळालेल्या डोंगरावरून तिचे नाव ठेवले गेले. २३ ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकी पाणबुडीने ती बुडवली. कथेचा काळ १९४५ चा उन्हाळा आहे. म्हणजे सेइता ज्या वडिलांना पत्रे पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो, ज्यांच्या जोरावर तो कोणापुढे मान वाकवत नाही, त्यांचे जहाज सात-आठ महिन्यांपूर्वीच समुद्रतळाशी गेले होते. आरमाराच्या अजिंक्यतेवर विश्वास ठेवायला राज्याने त्याला शिकवले आणि ते आरमार नाहीसे झाल्याचे मात्र कळू दिले नाही. शरणागतीच्या दिवसांत बँकेत उभा असताना त्याला ते एका अनोळखी माणसाच्या तोंडून कळते. प्रौढांनी त्याच्या मनात इतक्या काळजीने पेरलेल्या अभिमानाची जबाबदारी त्या प्रौढांना सोडून त्याच्या एकट्याच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

ताकाहातांना हे सर्व अभिप्रेत होते, असे मी केवळ माझ्या अर्थ लावण्यावरून म्हणत नाही. ते स्वतः नऊ वर्षांचे असताना २९ जून १९४५ रोजी ओकायामा शहरावर झालेल्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, आपल्या चित्रपटाला युद्धविरोधी चित्रपट म्हणायला ते आयुष्यभर नकार देत राहिले. त्यांचे कारण विचार करण्यासारखे आहे. युद्धातले हाल दाखवून पुढचे युद्ध टळत नाही, कारण युद्ध सुरू करणारे लोकही हेच सांगतात की असे हाल पुन्हा आपल्या वाट्याला येऊ नयेत म्हणूनच लढले पाहिजे. १९८८ मध्ये, चित्रपट प्रदर्शित झाला त्या सुमारास, त्यांनी आणखी एक भीती बोलून दाखवली होती. आज प्रेक्षक सेइताच्या बाजूने उभे राहतात, पण काळ पुन्हा उलटा फिरला तर हीच सहानुभूती टिकेल का, की लोक त्या काकूपेक्षाही कठोर होऊन सेइतालाच दोष देतील, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्या कल्पनेनेच आपल्याला धास्ती वाटते असे त्यांनी म्हटले होते. ‘त्याने काम करायला हवे होते’ हे वाक्य हल्ली कानावर पडते तेव्हा मला ही धास्ती आठवते. वाक्य बोलणाऱ्यांना कसली हुकूमशाही नको आहे, त्यांचे डोळेही पाणावलेले आहेत. पण त्यांच्या मनातला तराजू काकूचाच आहे, आणि त्या तराजूत भात एका पारड्यात व उपयुक्तता दुसऱ्या पारड्यात आहे.

मूळ कथा ज्यांनी लिहिली त्या अकियुकी नोसाका यांच्याकडे पाहिले की सेइताला दोष देण्याची घाई आणखी अवघड वाटू लागते. १९६७ ची ती कथा त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेली आहे. त्यांची धाकटी बहीण १९४५ मध्ये कुपोषणाने गेली. ती चार वर्षांची नव्हती, जेमतेम दीड वर्षाचीही नव्हती. आपण सेइताइतके मायाळू नव्हतो, भुकेच्या पोटी तिच्या वाट्याचेही खाल्ले, ती रडू लागली की तिच्यावर हातही उगारला, हे नोसाकांनी पुढे लिहून ठेवले. आपल्याला जसा भाऊ व्हायला हवे होते तसा भाऊ त्यांनी कथेत निर्माण केला. त्यांनी स्वतःला जन्मभर माफ केले नाही. एका उपाशी पोराने स्वतःवर लादलेली शिक्षा आपण वाचून, पाहून, पुन्हा कायम करावी, हे मला वाचक म्हणून आणि प्रेक्षक म्हणून उचित वाटत नाही.

या चित्रपटावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. जपान तेव्हा आक्रमक देश होता, चीन, कोरिया आणि आग्नेय आशियातल्या मुलांचे जे झाले त्याविषयी चित्रपट मूक आहे, आणि जपानी मुलांवर रडताना प्रेक्षक ते विसरतो, असा तो आक्षेप आहे. तो खरा आहे. काकूच्या घरातला तांदळाचा तुटवडा समजून घ्यायचा तर त्याआधी अनेक वर्षे कोरिया आणि तैवान या वसाहतींतून जपानकडे वाहत गेलेला तांदूळ आठवला पाहिजे, आणि जपानच्या ताब्यातल्या उत्तर व्हिएतनाममध्ये १९४४-४५ च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली हेही आठवले पाहिजे. तिथल्या सेत्सुकोंचे चित्रपट झाले नाहीत. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट त्याची व्याप्ती वाढवतो. जो हिशेब आधी हानोईच्या आसपासच्या गावांत लागू झाला, तोच फिरून कोबेच्या परिसरातल्या घरांत आला. ज्या राज्याने परक्या मुलांना वहीतून वगळायला शिकवले, त्याला स्वतःची मुले वगळायला वेगळे शिक्षण द्यावे लागले नाही.

याला पर्याय तेव्हा माणसांना सुचलाच नव्हता असे नाही. राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स) १९२४ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्कांच्या जाहीरनाम्यात भुकेल्या मुलाला अन्न दिले पाहिजे आणि संकटात मदत सर्वप्रथम मुलाला मिळाली पाहिजे असे साध्या शब्दांत लिहिले होते, आणि जपान त्या वेळी राष्ट्रसंघाच्या कार्यकारी परिषदेचा सदस्य होता. तिथे ‘उपयोगी मुलाला’ असे लिहिलेले नाही. युद्धानंतर, १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या चोविसाव्या कलमाने युद्धामुळे अनाथ झालेल्या किंवा कुटुंबापासून तुटलेल्या पंधरा वर्षांखालच्या मुलांना त्यांच्या स्वतःच्या भरवशावर सोडता कामा नये, हे लढणाऱ्या देशांवर बंधनकारक केले. ते कलम वाचताना मी त्या वयाच्या आकड्यापाशी थांबलो. सेइता चौदा वर्षांचा होता. ज्याला आपण बेजबाबदार पालक म्हणून दोषी ठरवतो, तो या कलमाच्या नजरेत स्वतःच सांभाळले जाण्याचा हक्क असलेले मूल आहे.

जपान सरकारनेही निर्णय घेतला. युद्धात अनाथ झालेल्या मुलांच्या संरक्षणाचे धोरण २० सप्टेंबर १९४५ रोजी ठरले. १९४८ मध्ये सरकारी पाहणीत अशा मुलांची मोजदाद झाली तेव्हा ओकिनावा वगळून आकडा १,२३,००० च्या वर गेला. त्यांच्यापैकी कितीतरी मुले युद्धानंतर रेल्वे स्थानकांत राहत होती. नोसाकांनी आपल्या कथेत हे धोरण ठरल्याचे मुद्दाम नोंदवले आहे. चित्रपटात ते सांगितलेले नाही, पण सेइताच्या पहिल्या वाक्यातली तारीख ठाऊक असली की दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहता येतात. धोरण ठरले त्याच्या दुसऱ्या रात्री सान्नोमिया स्थानकाचा एक सफाई कामगार खांबाला टेकून बसलेल्या मुलांमधून फिरत असतो, कोण जिवंत आहे आणि कोण नाही ते पाहत. सेइताजवळ त्याला गोळ्यांचा एक गंजलेला डबा सापडतो. झाकण निघत नाही, आत काय आहे ते कळत नाही, आणि तो डबा बाहेरच्या गवतात भिरकावून देतो.